आधी किल्ला करा, मग गडावर जा

(या भागाचं लिखित रूप. बोललेलं फारसं बदललेलं नाही. मधले चहाचे घोट तेवढे काढून टाकलेत.)

हेडफोन लावून लोकलमध्ये उभे असाल, नाहीतर घरी भांडी घासता घासता ऐकत असाल. दोन्ही चालतं. आजचा भाग हाताने करायच्या गोष्टींबद्दल आहे आणि घरच्यांबरोबर एका दिवसाच्या सहलीबद्दलही आहे. तुम्ही म्हणाल, हे दोन वेगळे विषय झाले. मलाही गेल्या दिवाळीपर्यंत तसंच वाटायचं.

तर दिवाळीचा किल्ला. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी केलेला असतो. अंगणात, नाहीतर बिल्डिंगच्या जिन्याखाली. विटा, दगड, लाल माती, ओलं बारदान, त्यावर पेरलेले हळीव, आणि वरती सिंहासनावर महाराज. सहामाही परीक्षा संपली रे संपली की हात चिखलात.

आमच्या घरी किल्ला बाबा करायचे. आम्ही दोघी बहिणी माती मळायचो, पाणी आणून द्यायचो, पण आराखडा बाबांचा. आणि दरवर्षी एकच किल्ला. वर सपाट माथा, आणि एका बाजूला लांबच लांब शेपूट काढल्यासारखी सोंड. शेजारची मुलं विचारायची, हा कुठला? बाबा म्हणायचे, लोहगड. एखाद्या वर्षी प्रतापगड करू म्हटलं तर म्हणायचे, "पुढच्या वर्षी." ते पुढचं वर्ष काही आलं नाही.

"पुढच्या" हा बाबांचा आवडता शब्द होता. आम्ही तळेगावला राहतो. बाबा लोणावळ्याच्या बाजूला एका कंपनीत शिफ्टमध्ये होते, एकतीस वर्षं. रविवारी ओव्हरटाइम मिळाला तर तो सोडायचा नाही, हा नियम. त्यामुळे सहल बिहल काही नाही. शाळेत सोमवारी मैत्रिणी सांगायच्या, आम्ही इथे गेलो, तिथे गेलो. मी घरी येऊन हट्ट करायचे आणि बाबा म्हणायचे, "पुढच्या सुट्टीत जाऊ." मला याचा राग होता. खरं सांगू? मोठी झाल्यावरही होता. वर्षातून दिवाळीचे चार दिवस ते आमच्याबरोबर चिखलात बसायचे, तेवढेच काय ते आमचे.

आता गेल्या दिवाळीत काय झालं ते सांगते.

बाबा रिटायर झालेत. ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, आठ वर्षांचा. सुट्टी लागली तसा तो आमच्याकडे आला. ताई म्हणाली, "दिवसभर मोबाइल घेऊन बसतो, काहीतरी करा याचं." बाजारात हल्ली तयार किल्ले मिळतात. प्लॅस्टरचे, रंग दिलेले. आणून ठेवला की झालं. मी तोच आणणार होते. बाबा म्हणाले, "माती आण."

मग आबा आणि नातू बसले किल्ला करायला. आधी विटा आणि फुटक्या कुंड्या रचून आतून पोकळ डोंगर. त्यावर चिखलात बुडवलेलं बारदान. वरून चाळलेल्या मातीचा हात. माथा सपाट, बाजूला नेहमीची सोंड. आणि समोर, अगदी मधोमध, पायथ्यापासून थेट वरपर्यंत सरळ पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या टोकाला एक मोठा दरवाजा. लहानपणी आम्ही पाहिला होता तस्साच.

भाच्याने तो थोडा वेळ पाहिला. मग खिशातून खेळण्यातली जीप काढली आणि त्या सरळ पायऱ्यांवरून सूं करत वर नेली. थेट महाराजांच्या पायाशी. म्हणाला, "आबा, घेतला गड! दोन सेकंदांत. खरा गड पण एवढा सोपाय?"

बाबा हसले. मग म्हणाले, "माहीत नाही रे. मी कधी गेलोच नाही तिथे."

मी स्वयंपाकघरात होते. हातातलं लाटणं तसंच राहिलं. म्हणजे बघा, इतकी वर्षं जो माणूस दर दिवाळीला लोहगड करतोय, त्याने लोहगड पाहिलाच नव्हता? मी बाहेर येऊन विचारलं, "मग बाबा, तुम्ही कशावरून करता?"

म्हणाले, "गाडीतून दिसतो ना. मळवली सोडली की डावीकडे. जाताना डावीकडे, येताना उजवीकडे. रोजचं होतं ते."

खिडकीतून दिसायचा, म्हणून तो. बाबांच्या किल्ल्याला ती शेपूट का होती ते मला त्या दिवशी कळलं. तो विंचूकाटा. रेल्वेतून लोहगड पाहिला तर विंचवाच्या नांगीसारखी निघालेली ती सोंड लगेच नजरेत भरते. आणि दरवाजा सरळ समोर का होता? कारण गाडीतून दरवाजा दिसतच नाही. तो त्यांनी मनानेच काढला होता.

मी म्हटलं, "पाडवा झाला की जाऊ." आणि जीभ चावली, कारण मी "पुढच्या" म्हणणार होते.

तर मंडळी, आम्ही गेलो. ताई, भाचा, बाबा आणि मी. डब्यात पोळीभाजी, फराळाचा पुडा, आणि प्रत्येकाची पाण्याची बाटली. आईला कमरेचा त्रास आहे, ती म्हणाली, तुम्ही जाऊन या, मी जरा निवांत झोपते.

कसं जायचं ते सांगते, कारण खूप जण विचारतात. पुणे-लोणावळा लोकल पकडायची आणि लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन, मळवली, तिथे उतरायचं. तिथून चालत भाजे गाव. भाजे लेणी वाटेवरच आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी, ती नक्की बघा. पुढे गायमुख खिंड. खिंडीच्या एका अंगाला विसापूर, दुसऱ्या अंगाला लोहगड. तिथून लोहगडवाडी, आणि वाडीतून गडाच्या पायऱ्या सुरू होतात. स्टेशनपासून वाडीपर्यंत चालत दीड-दोन तास धरा. आमच्याबरोबर बाबांचे गुडघे होते, म्हणून आम्ही मळवलीहून रिक्षा केली, ती वाडीपर्यंत जाते. लेणी राहिली. ती आता पुढच्या... जाऊ दे.

पायऱ्या सुरू झाल्या आणि भाच्याने पहिला प्रश्न टाकला, "दरवाजा कुठाय?" दिसेचना. वर बुरूज दिसतात, तटबंदी दिसते, पण आत शिरायचं कुठून ते कळत नाही. थोडं चढलात, वळलात की अचानक समोर गणेश दरवाजा. त्यातून आत गेलात की वाट पुन्हा वळते. मग नारायण दरवाजा. पुन्हा वळण. हनुमान दरवाजा. पुन्हा वळण. मग महादरवाजा. एकामागून एक चार दरवाजे, आणि त्यांच्यामधली वाट सापासारखी वळत गेलेली. तुम्ही खालच्या वाटेवर असता तेव्हा वरच्या तटावरचा माणूस तुमच्या थेट डोक्यावर असतो.

भाचा प्रत्येक दरवाज्यात थांबून मागे बघत होता. नारायण दरवाज्यापाशी म्हणाला, "आबा, इथे जीप वळणारच नाही." बाबा दम खात उभे होते. म्हणाले, "जीप कशाला, हत्ती वळायचा नाही. दार फोडायला धावत यायचं तर धावायला जागा नको का?"

हे बाबा कुठल्या पुस्तकातून बोलले नव्हते. ते त्या वळणावर उभे होते, आणि घरी त्यांनी स्वतःच्या हाताने सरळ पायऱ्या केल्या होत्या. हाताने केलेली चूक समोर दिसली की माणूस लगेच शिकतो.

त्या नारायण दरवाज्याची एक गंमत. तो नाना फडणीसांच्या काळातला, म्हणजे पेशवाईतला. हनुमान दरवाजा त्याहून जुना. म्हणजे एका वाटेवर चढता चढता तुम्ही वेगवेगळ्या काळांतून जाता. नारायण दरवाज्याजवळ एक भुयार आहे, तिथे भात आणि नाचणी साठवायचे असं सांगतात. भाच्याने आत डोकावून विचारलं, "म्हणजे हा गडाचा डबा?" मी म्हटलं, हो, डबाच.

आता थोडा इतिहास, थोडाच. लोहगड शिवाजी महाराजांनी १६४८ मध्ये घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मुघलांना द्यावे लागले त्यांत हाही गेला. १६७० मध्ये पुन्हा स्वराज्यात आला. आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांतही लोहगड आहे. बाराांपैकी अकरा आपल्या महाराष्ट्रात, आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. आपल्या लोकलच्या खिडकीतून जागतिक वारसा दिसतो, तेही लोकलच्या तिकिटात. कधी मान वर करून बघितलंत तर.

महादरवाज्यापाशी पोचायला आम्हाला लोकांपेक्षा दुप्पट वेळ लागला. तिथे वरून मागे वळून बघितलं की सगळा सर्प एका नजरेत दिसतो. तुम्ही फोटोंत पाहिला असेल. बाबा तिथे बराच वेळ बसले. भाच्याने माझा मोबाइल मागितला. मला वाटलं, झालं, आता गेम. पण नाही. त्याने त्या वळणांचे फोटो काढले. एक वरून, एक बाजूने, एक दरवाज्याच्या आतून. म्हणाला, "घरी करायला लागतील."

मग आम्ही माथ्यावर गेलो. लक्ष्मी कोठी पाहिली, सोळा कोनांचं तळं पाहिलं. भाच्याने कोन मोजले, दोनदा मोजले, एकदा पंधरा आले. नंतर विंचूकाट्याच्या बाजूला गेलो. तो जवळपास दीड किलोमीटर लांब आहे. त्यावर जायचं तर थोडा कातळ उतरावा लागतो. बरोबर आठ वर्षांचं पोर आणि गुडघेदुखीचा माणूस, आम्ही उतरलो नाही. वरूनच बघितला. तुम्हीही लहान मुलं असतील तर वरूनच बघा, तिथूनही तो छान दिसतो.

मी बाबांना म्हटलं, "घ्या, तुमची शेपूट." बाबा बघत होते, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतंच. ते खाली बघत होते. खाली एक्स्प्रेस वे, आणि त्याच्या आसपास रेल्वेची बारीक रेघ. थोड्या वेळाने त्या रेघेवरून एक गाडी सरकायला लागली. एवढीशी, आळीसारखी.

बाबा म्हणाले, "ती बघ. आपली लोकल."

मग म्हणाले, "त्यात बसून मी इकडे बघायचो. म्हणायचो, पोरींना एकदा घेऊन जायचंय."

एवढंच. पुढे काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. ताईने फराळाचा पुडा सोडला आणि आम्ही चकल्या खाल्ल्या. पण मला त्या क्षणी कळलं की माझ्या मनात जो राग होता, की यांना आम्हाला कुठे न्यावंसं वाटलंच नाही, तो चुकीच्या माहितीवर होता. वाटत होतं. रोज दोनदा वाटत होतं. रजा नव्हती. म्हणून दिवाळीत ते तो गडच घरी करत होते.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, किती छान दिवस. थांबा. आता माझी चूक ऐका.

मी चढण्याचा विचार केला होता, उतरण्याचा केलाच नव्हता. चढताना दम लागतो, पण गुडघे बोलतात ते उतरताना. पायऱ्या उंच-सखल, काही झिजलेल्या. बाबांचा एक गुडघा अर्ध्या वाटेतच सुजला. शेवटी एका बाजूने ताई, एका बाजूने मी, असे उतरलो. रिक्षावाल्याला दिलेली वेळ टळून गेली, तो दुसरं भाडं घेऊन गेला, दुसरी रिक्षा मिळेपर्यंत अंधार, लोकल चुकली, घरी पोचायला रात्र. नंतर तीन दिवस बाबा पाय वर करून बसले होते. ताई मला म्हणाली, "हौस तुझी आणि गुडघे त्यांचे." बोलणं लागलं, पण खरं होतं.

म्हणून घरच्या मोठ्यांना नेत असाल तर लक्षात ठेवा. सकाळी लवकर निघा. उतरायला चढण्याइतकाच वेळ राखून ठेवा, जास्तच ठेवा. हातात काठी, गुडघ्याला पट्टा. "थकलात का?" असं विचारू नका, आपले बाबा लोक नाहीच म्हणतात. तुम्हीच दर वळणावर "मी दमले" म्हणून बसा. आणि पावसाळ्यातला शनिवार-रविवार टाळा, तेव्हा तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. वर माकडं आहेत, खाऊच्या पिशव्या हातात मिरवू नका. कचरा परत आणा, हे सांगायला नको, पण सांगते.

आता पुढे काय झालं ते. चौथ्या दिवशी सकाळी भाचा गॅलरीत गेला आणि त्याने किल्ल्याच्या सरळ पायऱ्या खरवडून काढल्या. बाबा खुर्चीत, पाय स्टुलावर. या वेळी आराखडा नातवाचा, आणि आबा फक्त "पाणी कमी", "थोडं थांब, सुकू दे" एवढं सांगत होते. मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला होता, त्यावर गडावरचे फोटो. काडेपेट्यांचे चार दरवाजे. आइस्क्रीमच्या काडीने दाबून पायऱ्या. वाट वळवत वळवत नेली. तळ्याला मिठाईच्या डब्याचं झाकण. हळीव एव्हाना बोटभर उगवले होते, त्यातून वाट काढताना थोडे उपटले गेले. चालतंय, म्हणाले बाबा, गडावर वाट अशीच निघते.

मग जीपची परीक्षा. भाच्याने जीप पायथ्याला लावली. पहिल्याच वळणावर अडकली. तो असा ओरडला, शेजारच्या काकू बघायला आल्या. तुळशीच्या लग्नापर्यंत तो किल्ला ठेवला होता.

तर मला आज एवढंच सांगायचंय. सहलीला जायच्या आधी त्या जागेची एखादी वस्तू हाताने करा. चुकीची का होईना, करा. चुकीची असेल तर उलट चांगलं. कारण ती करताना तुमच्याजवळ प्रश्न जमा होतात. दरवाजा कुठे असेल? पाणी कुठून येत असेल? धान्य कुठे ठेवत असतील? मग तिथे गेलात की डोळे ते शोधतात. प्रश्नाशिवाय गेलात तर सेल्फी काढून परत येता. मी बऱ्याच ठिकाणी असंच गेलेय, मला काहीही आठवत नाही. आणि परत आल्यावर ती वस्तू दुरुस्त करा. ही तिसरी पायरी सगळे विसरतात, आणि घरातली माणसं खरी एकत्र बसतात ती तिथेच.

तयार प्लॅस्टरचा किल्ला वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण तो बरोबरच असतो ना, मग त्याला कुणी काही विचारत नाही.

ज्यांना या दिवाळीत करायचाय त्यांच्यासाठी झटपट कृती. जागा कमी असेल तर गॅलरीत प्लॅस्टिकचा कागद पसरून दोन फूट बाय तीन फुटांत होतो. विटा, दगड, फुटक्या कुंड्या, काहीही रचा, आतून पोकळ ठेवा म्हणजे माती कमी लागते. माती चाळून घ्या. बारदान बुडवायचा चिखल भज्यांच्या पिठाइतका सैल, आणि वरून थापायचा त्याहून घट्ट. तडे गेले तर घाबरू नका, ओल्या बोटाने बुजवा. हळीव किंवा मोहरी वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरा. पाणी ओतू नका, हाताने शिंपडा, नाहीतर गड वाहून जातो. मावळे कुंभाराकडून मातीचे आणा, त्याचीही दिवाळी होते. आणि नंतर ती माती कुंड्यांत घाला.

आणि किल्ला करताना घरातल्या मोठ्या माणसाला एक प्रश्न नक्की विचारा, "तुम्ही हा कुठे पाहिलात?" काय उत्तर येईल सांगता येत नाही.

बाबांचा गुडघा आता बरा आहे. परवा म्हणत होते, भाजे लेणी राहिलीत, तिथे पायऱ्या कमी आहेत ना? भाच्याने आधीच चिखलाचं लेणं करायला घेतलंय. खांब उभे राहत नाहीयेत, पडतायत सारखे. म्हणजे आता बघायला जायलाच हवं.

चला, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरचा किल्ला कुठला असायचा ते मला व्हॉइस नोट पाठवून सांगा, आणि तो कुणी करायचं हेही सांगा. भेटू पुढच्या भागात. हा "पुढचा" मात्र नक्की येतो, दर गुरुवारी.